तळघराच्या भिंती : थोडा इतिहास, थोडी कबुली

जीर्णोद्धाराचे काम चालू असताना गावातील व मुंबई-पुण्याकडील अनेक देणगीदारांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. शिखर झाले, सभामंडप झाला, मग खालच्या तळघराच्या भिंती अजून उघड्या का? पैसे कमी पडले काय? पैसे कमी पडले नव्हते. त्या भिंती कमिटीने मुद्दाम एक अख्खा पावसाळा बिनरंगाच्या ठेवल्या होत्या. असे का केले हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागते, आणि त्यात प्रस्तुत लेखकाची एक चूकही येते.

आपल्या भागातील जुनी देवळे काळ्या दगडाची. खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळात उभे राहिले. कृष्णाकाठचे ते गाव, पुराचे पाणी त्याला नवे नाही. दगड भिजतो आणि ऊन पडले की आपला आपण वाळतो. जेथे भिंतीला गिलावा हवा तेथे आपले पूर्वज चुना वापरीत. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मग वाळू घालून घाणीत मळायची. गोल चर, त्यात बैलाने ओढलेले दगडी चाक. या चुन्यात गुळाचे पाणी घालीत, आणि गूळ तर आपल्या घरचाच! चुना हवा पिऊन पुन्हा दगड होतो, पण त्याची बारीक छिद्रे मोकळी राहतात. आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट असते. दसऱ्या-दिवाळीआधी चुन्याची सफेदी देण्याची जी चाल होती, तिच्यात स्वच्छतेइतकेच भिंतीचे आरोग्यही होते.

जमिनीखालच्या भिंतीही आपल्याकडे नव्या नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे, आणि भिंत म्हणजे तेथली मातीच. त्या मातीत वर्षानुवर्षे हळद कोरडी राही. ('पेव फुटले' हा आपला वाक्प्रचार असल्याच पेवांवरून आला.) पण २००५ च्या महापुराने त्या पेवांत पाणी शिरले आणि हळदीची मोठी हानी झाली. जमिनीखालची जागा कितीही चांगली असो, पाणी कोठून येईल याचा विचार आधी करावा लागतो.

मग आले सिमेंट. इंग्लंडातील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट निघू लागले. तरी खेड्यात ते पोचायला पुष्कळ काळ गेला. १९८२ साली नियंत्रण काहीसे सैल होईपर्यंत परमिटासाठी किती हेलपाटे घालावे लागत, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. सिमेंट आले तशा चुन्याच्या घाण्या थांबल्या. काँक्रीट म्हणजे दगडच, त्याला काय होणार, असे आम्ही सारे समजून चाललो.

आता कबुली. २००५ च्या पुराआधी देवळामागे जी काँक्रीटची अर्धी जमिनीत असलेली खोली बांधली, तिच्या रंगाची घाई करणाऱ्यांत मीही होतो. जत्रा तोंडावर आलेली. सेंटरिंग काढून महिनाही झाला नव्हता, तोच आम्ही लांबी भरून वर गुलाबी ऑईलपेंट मारला. जत्रेत सर्वांनी वाहवा केली. पावसाळ्यात मात्र रंगाला फोड आले, पोपडे पडू लागले, मागे पांढरा लोणा फुलला. पालखीची जुनी वस्त्रे तेथेच ट्रंकेत होती. त्यांना बुरशी लागली, त्यातील एक शेला पुन्हा नेसवण्याजोगा राहिला नाही. तो ज्या घराण्याने दिला होता त्यांनी शब्दानेही बोल लावला नाही. त्यामुळेच अधिक वाईट वाटले.

दोष कोणा रंगाऱ्याचा नव्हता. ताज्या काँक्रीटमध्ये तीव्र खार असतो. तेल आणि खार एकत्र आले की साबण होतो. ओल्या भिंतीवर आमच्या ऑईलपेंटचे तेच झाले. शिवाय बाहेरच्या मातीतली ओल आत ढकलत होती आणि तेलाच्या थराने तिची वाट अडवली होती.

या वेळी उतारामुळे सभामंडपाखाली जागा मिळाली आणि महाप्रसादाच्या भांड्यांसाठी तळघर घेतले, तेव्हा आधी बाहेरची बाजू पाहिली. भिंतींवर गोणपाट टाकून पाणी मारले. माती लोटण्यापूर्वी बाहेरून डांबराचे दोन हात दिले, पायथ्याशी खडी भरून पाण्याला ओढ्याकडे वाट काढली. मग पावसाळा जाऊ दिला. दिवाळीनंतर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी भिंतीला चिकटवून दुसऱ्या दिवशी पाहिला. कागदाच्या आतल्या बाजूस दव दिसले तर ओल भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूस दिसले तर खोलीच्या हवेतून. पूर्वेच्या भिंतीला आतून दव आले, म्हणून आणखी महिनाभर थांबलो आणि दोन जाळीच्या खिडक्या ठेवल्या.

पुढचे काम रंगापेक्षा घासण्याचेच अधिक. लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच झाडला. पाण्याने धुतला असता तर विरघळून पुन्हा भिंतीत गेला असता. सेंटरिंगच्या तेलाचे डाग सोड्याच्या पाण्याने धुऊन काढले. जेथे खडी उघडी पडली होती ती भोके सिमेंटच्या मालाने बुजवली. लांबी नाही, ऑईलपेंट नाही. भिंत किंचित ओली करून पांढऱ्या सिमेंट रंगाचा एक हात दिला, त्यावर पाणी शिंपडले, आणि तो धरल्यावर दुसरा.

रंग महापूर अडवत नाही, हेही येथे स्पष्ट लिहिणे बरे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. म्हणून पालखी व वस्त्रे आता वरच्या खोलीत असतात, आणि आषाढापूर्वी तळघरातील भांडीही वर नेण्याचे ठरले आहे.

पायरीशेजारी वीतभर भिंत मुद्दाम बिनरंगाची ठेवली आहे. ते काम राहून गेलेले नाही. गुरव दर पौर्णिमेला तेथे हात लावून ओल पाहतात आणि वहीत नोंद करतात.