दमणीला पटाची जोडी

वाहनाला आराम किती असावा आणि वेग किती, हा प्रश्न मोटारगाडीबरोबर जन्माला आला अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तो फार जुना आहे. ज्या दिवशी माणसाने ओझ्याची गाडी आणि माणसे बसण्याची गाडी निराळी केली, त्याच दिवशी तो उपस्थित झाला. आज सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या एखाद्या सुस्थितीतील घरी प्रशस्त, गुबगुबीत बैठकीची मोटार दारात उभी असते, आणि घरातील तरुण मुलगा म्हणतो, ‘गाडी छान आहे, पण जरा दम कमी पडतो. नागपूरला नेऊन इंजिनाची ताकद वाढवून आणू.’ वडील म्हणतात, ‘आहे ती काय वाईट आहे?’ या संवादात दोघांचेही काही खरे आहे. निर्णय मात्र आवडीनिवडीवर सोपवण्यापेक्षा इतिहासाला विचारून घेणे बरे. कारण आपल्या या मुलखाने हा प्रश्न किमान तीन वेळा सोडवलेला आहे.

पहिली सोडवणूक बैलगाडीच्या काळातील. वर्धा, जाम आणि कन्हान या नद्यांच्या परिसरातील हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ मध्ये ते राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एकीकडे व छिंदवाडा जिल्हा दुसरीकडे गेला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. राजकीय सीमा अशा हलल्या, तरी इथल्या अंगणातील वाहने वऱ्हाड-नागपूरचीच राहिली. शेतमालासाठी बंडी, पाहुण्यांसाठी आणि लेकीबाळींसाठी वर छत असलेली दमणी, आणि एकट्यादुकट्याने झटपट जाऊन येण्यासाठी हलकी रेंगी किंवा छकडा. दमणीत गादी अंथरलेली असे, पडदा सोडलेला असे, आणि बसणाऱ्याच्या पोटातले पाणी हलू नये अशा बेताने गाडीवान ती हाकी. रेंगीत बसणाऱ्याने आपली हाडे सांभाळावीत, एवढीच अपेक्षा. आराम आणि वेग यांना एका चाकोरीत कोंबण्याऐवजी आपल्या पूर्वजांनी त्यांना दोन वेगळी वाहने दिली होती.

बैलांविषयीही हाच विवेक दिसतो. वर्धा, नागपूर आणि छिंदवाड्याचा दक्षिण भाग हे गवळाऊ जातीचे माहेर. पांढऱ्या-करड्या रंगाची, सडपातळ बांध्याची ही जनावरे दुडक्या चालीने दूरवर जाण्यासाठी नावाजलेली. डोंगराळ भागात मराठ्यांच्या फौजांच्या जलद वाहतुकीसाठी ही जात जोपासली गेली, असे पशुविषयक ग्रंथांत सांगितलेले आढळते. तिचे मोठेपण केवळ धावण्यात नव्हते. चपळ चाल, बऱ्यापैकी ओढ आणि टिकाव हे तीन गुण त्या शरीरात एकमेकांशी जुळलेले होते. पुढे अधिक ओझे किंवा अधिक दूध मिळावे म्हणून दुसऱ्या जातींशी संकर होत गेले. ज्या एका गुणासाठी संकर झाला तो काही अंशी वाढलाही असेल. परंतु शुद्ध गवळाऊ मात्र विरळ झाली. एक गुण वाढवताना बाकीच्या गुणांचा तोल जातो, हे तिने शिकवलेले पहिले सत्य.

याच्या उलट टोकाला आपला शंकरपट. पटाची गाडी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की तिच्यात गाडी म्हणावी असे फारसे काही शिल्लक ठेवलेले नसते. चाके, आस, जू आणि हाकणाऱ्यापुरता आधार. बाकी सारे वजन काढून टाकलेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्याला एवढेच टिपायचे आहे की, पटाची जोडी दमणीला जुंपावी असे आपल्याकडे कोणाही शहाण्याला सुचले नाही. बैल धावले असते. पण उंच छताची ती गाडी पहिल्याच नाल्याच्या उतारावर कलंडली असती, आणि आतली माणसे गादीसह बाहेर आली असती.

दुसरी सोडवणूक रेल्वेची. नागपूर-छिंदवाडा हा अडीच फुटी अरुंद मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सौंसरवरून नेला. कापूस, संत्री, विद्यार्थी, वऱ्हाडी मंडळी आणि दवाखान्याला निघालेले रुग्ण, असे सारे त्या छोट्या गाडीने सुमारे शंभर वर्षे वाहून नेले. तिची मंद गती हा थट्टेचा विषय होता. मधल्या काळात वाफेची जागा डिझेल इंजिनाने घेतली, म्हणजे ओढणारी शक्ती बदलली. तरीही गाडी वेगवान झाली नाही. कारण तिचा वेग इंजिनाने नव्हे, तर रुळांतील अंतराने, वळणांच्या तीव्रतेने आणि पुलांच्या ताकदीने ठरवलेला होता. अखेर २०१५ च्या शेवटी तो मार्ग बंद करून पुढील वर्षांत टप्प्याटप्प्याने रुंद मार्ग घालावा लागला. माती, खडी, पूल, वळणे, स्थानके, सारेच नवे. सौंसरच्या लोकांनी त्यासाठी काही वर्षे गाडीविना काढली. वेग हवा असेल तर तो मुळापासून बांधावा लागतो, याचा याहून ठळक दाखला कोणता द्यावा?

तिसरी सोडवणूक मोटारीची, आणि आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळची. स्वातंत्र्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत आपल्याकडे मोटार म्हणजे उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर, मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जिचे पुढे प्रीमियर पद्मिनी असे नामकरण झाले, आणि मद्रासची स्टँडर्ड. परवान्यांचे युग असल्याने निवड अशी नव्हतीच. १९८० च्या दशकात धोरण थोडे सैल झाले आणि श्रीमंतांसाठी आरामगाड्या आल्या. १९८४ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा आणली. तिचा सांगाडा ब्रिटनमधील १९७० च्या दशकातल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर मोटारीचा. लांबरुंद, देखणी, पाय पसरून बसावे अशी. मात्र तिच्या पोटात घातले होते अॅम्बॅसडरचेच १४८९ घन सेंटिमीटरचे, पन्नासएक अश्वशक्तीचे जुने इंजिन. टनाहून अधिक वजनाचा तो देह घेऊन घाट चढताना त्या इंजिनाची दमछाक होई. दमणीला वासरे जुंपल्यासारखा तो प्रकार होता.

काही वर्षांतच कंपनीने चूक दुरुस्त केली. जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे, ऐंशीहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याच्या जोडीला पाच गिअरची पेटी काँटेसाला बसवली. गाडी खऱ्या अर्थाने तेव्हा पूर्ण झाली. मंत्री, उद्योगपती आणि बडे अधिकारी यांच्या दिमतीला ती पुढे २००२ पर्यंत तयार होत राहिली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपनीने काँटेसाला शर्यतीची गाडी केले नाही. तिच्या अंगाला जेवढे बळ मुळातच हवे होते, तेवढे दिले. आणि नुसते इंजिन न देता त्याला साजेशी गिअरपेटीही दिली. मारुतीच्या बाबतीतही असेच घडले. १९९० मध्ये आलेली मारुती १००० दिसायला ऐटबाज, पण ९७० घन सेंटिमीटरच्या इंजिनाने ती भरल्या बैठकीनिशी मंदावे. १९९४ मध्ये १.३ लिटरचे इंजिन घेऊन तीच गाडी एस्टीम या नावाने आली आणि लोकांच्या पसंतीस उतरली.

उलट उदाहरण स्टँडर्ड २००० चे. १९७७ साली ‘युरोपातील वर्षाची मोटार’ हा सन्मान मिळवणाऱ्या रोव्हर एसडी१ चे शरीर मद्रासच्या कंपनीने १९८५ मध्ये आणले. इंग्लंडमध्ये त्या गाडीला साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिनही मिळत असे. इथे मात्र जुन्या व्हॅनगार्डच्या कुळातील दोन लिटरचे इंजिन बसवले. रूप वेगाचे, प्रकृती मंद आणि किंमत भारी, असा तिहेरी विसंवाद झाला. तीन-चार वर्षांत ती गाडी बंद पडली. म्हणजे कमी बळ हाही दोषच आहे, हे मुलाचे म्हणणे इतिहास पूर्णपणे मान्य करतो.

या सर्व उदाहरणांतून एक भेद स्पष्ट होतो. उणीव भरून काढणे ही एक गोष्ट आणि हौस पुरवणे ही दुसरी. काँटेसाच्या मूळ इंजिनात उणीव होती. आजच्या आरामगाड्यांत ती क्वचितच असते. त्यांतील अनेकींना पूर्वीच्या काँटेसाच्या दुप्पट शक्ती कारखान्यातूनच मिळालेली असते. तिच्यावर आणखी शक्ती चढवण्याचे मार्ग आता सोपे झाले आहेत. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील आज्ञावली बदलली की, टर्बोचा दाब वाढतो आणि गाडी एकाएकी चपळ होते. पण वाढलेला दाब आणि उष्णता सोसायची असते ती त्याच दट्ट्यांना, त्याच क्लचला आणि त्याच गिअरपेटीला, ज्यांची घडण कमी भारासाठी झालेली असते. ब्रेक तेच, चाके तीच, रस्ताही तोच. गाडीचा वेग साठवरून नव्वदवर गेला की तिच्यातली गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि एकशेवीसवर गेला की चौपट. ही सारी ऊर्जा थांबताना ब्रेकांनी पचवायची असते. इंजिन आधी वाढवून ब्रेकांचा विचार मागाहून करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, यातला प्रकार.

मग ब्रेक आणि चाकेही बदलू, असे कोणी म्हणेल. येथे आराम हातचा जातो. वेगात गाडी वळणावर झुकू नये म्हणून स्प्रिंगा ताठ कराव्या लागतात आणि टायर रुंद पण कमी उंचीचे घ्यावे लागतात. अशा टायरात धक्का गिळणारा हवेचा थर पातळ होतो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मग थेट बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोचतो. ज्या मऊपणासाठी ती गाडी घेतली, तोच अशा रीतीने पैसे देऊन घालवला जातो. पटाची जोडी जुंपायची, म्हणून दमणीचे छत काढले, गादी काढली. मग उरली ती दमणी कसली?

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ अधिक काटेकोर करून, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मान्य नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. शिवाय अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येण्याची शक्यता राहते. अशा वेळी प्रश्न मालकाच्या हौसेपुरता न राहता जखमी होणाऱ्या परक्या माणसाच्या भरपाईचाही होतो.

तरुणांच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात मालाने भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलेल्या चालकाला पुढे निघण्यासाठी थोडे राखीव बळ लागते. ते नसेल तर ओलांडण्याचा काळ लांबतो आणि धोका वाढतो. हे खरे आहे. पण असे राखीव बळ बहुतेक वेळा गाडीत आधीच असते. ते काळजी न घेतल्यामुळे हरवलेले असते. कोंदलेली हवेची जाळी, झिजलेले क्लच, कमी हवेचे टायर, थकलेले शॉकअॅब्सॉर्बर, वेळेवर न बदललेले ऑइल, एवढे आधी नीट करावे. चांगल्या प्रतीचे टायर आणि निर्दोष ब्रेक ही आरामगाडीची पहिली वेगवृद्धी होय. कारण थांबण्याची खात्री असलेला चालकच निर्धास्तपणे चालू शकतो. आपले जुने गाडीवानही दूरच्या प्रवासाआधी बैलांना चाबूक दाखवीत नसत. आसाला वंगण घालीत, चाकाची धाव तपासून घेत. एवढे करूनही वेगाची ओढ राहिलीच, तर ती गाडी विकून मुळातच त्या कामासाठी घडवलेली दुसरी घ्यावी. पूर्वजांनी रेंगी वेगळी ठेवली ती याचसाठी.

पांढुर्ण्याजवळून जाणारा नागपूर-बैतूल महामार्ग आता चौपदरी झाला आहे, आणि सरळ, गुळगुळीत रस्ता प्रत्येक चालकाच्या उजव्या पायाला मोह घालतो. पण त्याच रस्त्यावर पोळ्याच्या आदल्या दिवशी सजवायच्या बैलांना घेऊन शेतकरीही पलीकडे जात असतो, संत्र्यांनी भरलेला ट्रॅक्टर उलट्या बाजूने येत असतो, आणि मागच्या बैठकीवर नागपूरच्या दवाखान्यात तपासणीला निघालेली आई डोळे मिटून टेकलेली असते. आरामगाडी ही तिच्यासाठी घेतलेली असते. गाडीत काय वाढवावे आणि काय तसेच राहू द्यावे, हे ठरवताना चाक धरणाऱ्याच्या आधी त्या मागच्या बैठकीला विचारले, तर उत्तर चुकण्याची भीती फारशी राहणार नाही.