व्हेप उपकरणांतील सुटे लिथियम सेल : निवड आणि सुरक्षितता

व्हेप किंवा ई-सिगारेटमधील द्रव तापवणाऱ्या कॉइलला वीज पुरवणारा, बाहेर काढून पुन्हा चार्ज करता येणारा दंडगोलाकार लिथियम-आयन घट. व्यवहारात त्याला सेल किंवा बॅटरी म्हणतात. सर्वाधिक परिचित आकार १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. शेवटचे शून्य ही गोल घटाची खूण. २१७०० हा त्याहून थोराड आकारही आता बराच रुळला आहे. ही नोंद विजेच्या सुरक्षिततेपुरती आहे. निकोटिनचे आणि वाफेचे शरीरावरील परिणाम हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. सुरक्षित सेल कोणता, असे विचारल्यावर दुकानात बहुधा एखाद्या कंपनीचे किंवा रसायनाचे नाव ऐकायला मिळते. ते उत्तर अपुरे आहे. एकच सेल एका उपकरणात बिनधोक चालतो आणि दुसऱ्यात धोक्याच्या पातळीपर्यंत तापतो, कारण त्याची सुरक्षितता त्याच्याकडून किती प्रवाह मागितला जातो यावर ठरते. हा हिशेब न करता केलेली कोणतीही निवड नशिबावर सोडलेली असते.

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आणला. त्यात धन आणि ऋण पट्ट्या एकत्र गुंडाळलेल्या असतात, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ सच्छिद्र पडदा असतो आणि सगळे ज्वालाग्राही सेंद्रिय द्रवात भिजलेले असते. प्रवाह वाहू लागला की सेलच्या अंतर्गत रोधामुळे उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ मिलिओहम रोधाच्या सेलमधून १० अँपिअर ओढले तर आत अडीच वॉट उष्णता तयार होते, २० अँपिअरला १० वॉट आणि ४० अँपिअरला ४० वॉट. म्हणजे मागणी दुप्पट झाली की ताप चौपट होतो. एका मर्यादेपलीकडे आतली रसायने स्वतःच विघटित होऊन उष्णता सोडू लागतात, आणि मग बाहेरचा प्रवाह तोडूनही ती क्रिया थांबत नाही. काही लॅपटॉपच्या बॅटरीत हेच सेल असतात. पण तिथे प्रवाह, विद्युतदाब (व्होल्टेज) आणि तापमान यांवर नजर ठेवणारे सर्किट त्यांच्यासोबत बंद पेटीत असते. सुट्या सेलला असा राखणदार नसतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ किंवा वापरू नका असा इशारा दिला, तो याच कारणाने: हे सेल मोठ्या बॅटरीचे सुटे भाग म्हणून बनतात, ग्राहकाच्या हाती एकेकटे देण्यासाठी नव्हे.

उपकरण किती प्रवाह ओढेल हे शालेय गणिताने काढता येते, मात्र उपकरणाच्या दोन जातींसाठी हिशेब परस्परांच्या उलट आहे. सर्किट नसलेल्या, मेकॅनिकल म्हणवल्या जाणाऱ्या उपकरणात सेल थेट कॉइलला जोडला जातो. तिथे ओहमचा नियम पुरेसा आहे. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट धरला, तर ०.५ ओहमची कॉइल ८.४ अँपिअर ओढते, ०.२ ओहमची २१ आणि ०.१ ओहमची ४२. ताण सर्वांत जास्त असतो तो सेल नुकताच चार्ज केलेला असताना. वॉटचा आकडा निवडता येणाऱ्या, सर्किट असलेल्या उपकरणात मात्र कॉइलचा रोध सेलच्या दृष्टीने गौण ठरतो. उपकरण ठरलेली शक्ती पुरवत राहते, म्हणून सेलचा दाब जसजसा उतरतो तसतसा ओढला जाणारा प्रवाह वाढतो. एका सेलच्या उपकरणावर ७५ वॉट लावले, सर्किटची कार्यक्षमता ९० टक्के धरली आणि उपकरण ३.२ व्होल्टला बंद होते असे मानले, तर शेवटच्या टप्प्यात सेलवर सुमारे २६ अँपिअरचा भार पडतो. सतत २० अँपिअर देऊ शकणारा सेल अशा उपकरणात साधारण ५५ वॉटपर्यंतच मर्यादेत राहतो. पडद्यावर मोठा आकडा लावता येतो, याचा अर्थ आतला सेल तो पेलतो असा मुळीच नाही.

हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे सेल किती देऊ शकतो, आणि खरी फसगत इथे होते. आवरणावर ठळक छापलेला मिलिअँपिअर-तासांचा आकडा सेल किती वेळ चालेल ते सांगतो. तो किती प्रवाह सोसेल हे त्यावरून कळत नाही. एकाच आकारात क्षमता वाढवायची तर पट्ट्यांवरील थर जाड करावे लागतात आणि त्यामुळे बहुधा प्रवाह देण्याची ताकद कमी होते. सॅमसंगचा २५आर २,५०० मिलिअँपिअर-तासांचा असून सतत २० अँपिअर देतो; त्याच कंपनीच्या ३,००० क्षमतेच्या ३०क्यूची मर्यादा १५ अँपिअर आहे. १८६५० वर ९,९०० असा आकडा छापलेला दिसला तर तो सेल तिथेच नाकारावा, कारण प्रस्थापित उत्पादकांचे या आकारातले मोठे सेलही ३,५०० च्या आसपासच असतात. प्रवाहाचा आकडाही नेमका कुठला आहे हे पाहावे लागते. सोनीचा बॅटरी व्यवसाय घेतलेल्या मुराता कंपनीच्या व्हीटीसी६ या सेलला ३० अँपिअरचा आकडा दिला जातो, पण तो ८० अंश सेल्सिअसला प्रवाह तोडला जाईल या अटीवर. विक्रेते आकडा ठेवतात आणि अट गाळतात. झुरका दोन-चार सेकंदांचाच असतो, मग क्षणिक प्रवाहाची मर्यादा का धरू नये, असा युक्तिवाद होतो. त्यात अडचण अशी की क्षणिक म्हणजे किती सेकंद आणि मध्ये किती विश्रांती, याची सर्वमान्य व्याख्या नाही. शिवाय बटण खिशात दाबले गेले किंवा अडकले, तर क्षणिक प्रवाह सतत वाहू लागतो. म्हणून मूळ उत्पादकाच्या तपशीलपत्रातली सतत प्रवाहाची मर्यादाच धरावी. दुसऱ्याचा सेल घेऊन वर स्वतःचे आवरण चढवणाऱ्या विक्रेत्यांच्या मालाला असे पत्रच नसते.

संरक्षक सर्किट बसवलेले सुटे सेल मिळतात, ते का वापरू नयेत? टॉर्चसाठी ते योग्य आहेत. पण त्यांतल्या बऱ्याचशांचे सर्किट व्हेपला लागणाऱ्या प्रवाहाच्या अलीकडेच पुरवठा तोडते, आणि सर्किटमुळे वाढलेली लांबी उपकरणात नीट बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक तर्कशुद्ध वाटतो: चांगल्या उपकरणात शॉर्ट सर्किट आणि अतितापापासून संरक्षण असते, तेव्हा सेलची एवढी चिकित्सा कशाला? मात्र हे संरक्षण सेल उपकरणात असेपर्यंतच लागू होते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील १९५ घटना गोळा केल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले, ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. यांपैकी ६१ घटना उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या, ६० वापरताना आणि ४८ चार्जिंग चालू असताना. खिशातील घटनांमागे सेलची रचना आहे. त्याचा जवळजवळ सगळा धातूचा डबा ऋण टोक असतो आणि धन टोकाभोवती फक्त एक लहानशी रोधक चकती असते. तिथले पातळ प्लॅस्टिक फाटले, किंवा किल्ली वा नाणे दोन्ही टोकांना लागले, की शंभराहून अधिक अँपिअर वाहू शकतात. म्हणून सुटा सेल प्लॅस्टिकच्या डबीतच न्यावा आणि आवरण फाटलेला सेल नवे आवरण चढवल्याशिवाय वापरू नये. पुढे फ्लोरिडात २०१८ मध्ये आणि टेक्सासमध्ये २०१९ मध्ये उपकरणाच्या स्फोटाने एकेक मृत्यू झाला.

सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द उत्पादकांचा आहे: सेल सुटा वापरायचाच नसेल, तर निवडीची चर्चा म्हणजे चुकीच्या वापराला प्रोत्साहन नाही का? हा आक्षेप खोडता येत नाही, आणि त्यातून निघणारा पहिला निष्कर्ष स्वीकारावाच लागतो. ज्याला ओहमचा हिशेब करायचा नाही त्याने सुट्या सेलचे उपकरण घेऊच नये. बॅटरी आत बसवलेल्या आणि विद्युत यंत्रणेसाठीच्या यूएल ८१३९ या मानकानुसार तपासलेल्या उपकरणाकडे वळावे. मात्र सुटे सेल वापरणारे आजही आहेत आणि इशारा ऐकूनही ते वापर थांबवत नाहीत. त्यांना मूळ सेल आणि बनावट सेल यांतला फरक न सांगणे हे सावधपण ठरत नाही. दोन सेलच्या उपकरणात एकाच वेळी घेतलेली, एकाच जातीची जोडी कायम एकत्र वापरावी, एकत्र चार्ज करावी आणि एकत्रच काढून टाकावी. एक सेल दुबळा असेल तर तो मर्यादेखाली रिकामा होतो आणि पुढच्या चार्जिंगमध्ये धोका निर्माण करतो.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे, त्यामुळे व्हेपच्या संदर्भात हा हिशेब परदेशातील मराठी वाचकालाच लागू होतो. सेल मात्र इथेही तोच आहे. टॉर्च, पॉवर बँक आणि दुरुस्त केलेल्या लॅपटॉप बॅटऱ्यांतून १८६५० महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला आहे, आणि फाटलेले आवरण किंवा अशक्य क्षमतेचा छापील आकडा तिथेही तितकाच धोक्याचा आहे. निकामी सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्यावा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्यास तो कचरागाडीत चिरडला जाऊन पेट घेऊ शकतो.