बारा व्होल्टवर हजार वॅट : मोटारीतील ॲम्प्लिफायरची वीज येते कुठून?

मध्य प्रदेशात १३ डिसेंबर २०२३ रोजी मोहन यादव यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे स्वीकारली आणि त्याच दिवशी निघालेला त्यांचा पहिला आदेश मर्यादेबाहेर वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकांना व डीजेंना आवर घालणारा होता. टेकडीवरील तुळजाभवानी आणि चामुंडा यांच्या नवरात्रात गजबजणारे देवासही त्याच्या कक्षेत आले. कुमार गंधर्वांनी १९४८ पासून अखेरपर्यंत आपले मानलेले हे गाव. मिरवणुकीच्या ट्रकवर जनरेटर तरी असतो. खासगी मोटारीत मात्र हजार वॅटचा संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवला जातो.

हा दाब मुळात अपुरा आहे. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला, ‘ब्रिज’ जोडणी करूनही, शुद्ध स्वराचे जेमतेम २६ वॅट मिळतात. साध्या कार स्टिरिओवर छापलेले ‘५० वॅट गुणिले ४’ हे आकडे स्वर पूर्ण फाटल्यानंतरचे असतात. ग्राहकाने ते मनावर घेऊ नयेत. एवढ्याच स्पीकरला हजार वॅट द्यायचे तर सुमारे ६३ व्होल्ट हवेत.

म्हणून मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये दाब वाढवणारा स्वतंत्र विभाग असतो. मॉस्फेट ट्रान्झिस्टर बॅटरीची एकदिश वीज सेकंदाला हजारो वेळा जोडतात-तोडतात, फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो आणि डायोड तिला पुन्हा एकदिश करतात. पुढच्या टप्प्यात ‘क्लास एबी’ रचना निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत घालवते. ‘क्लास डी’ ट्रान्झिस्टरांना केवळ पूर्ण चालू वा पूर्ण बंद ठेवत असल्याने बरीच काटकसरी ठरते. सबवूफरसाठी आज तीच प्रचलित आहे.

पण दाब वाढला म्हणून शक्ती वाढत नाही. ८० टक्के कार्यक्षमता धरली तरी हजार वॅट बाहेर काढण्यासाठी १,२५० वॅट आत घ्यावे लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ९० ॲम्पिअर. अनेक छोट्या गाड्यांच्या अल्टरनेटरची एकूण क्षमताच जवळपास एवढी असते आणि इंजिन मंद फिरत असताना ती आणखी घटते. उरलेली तूट बॅटरी भरते. एक फॅरडचा चकचकीत कपॅसिटर लावून हा प्रश्न सुटतो, हा समज चुकीचा आहे. दाब १४ वरून १३ व्होल्टवर येईपर्यंत तो साडेतेरा ज्यूल देतो. या भाराला ते सेकंदाचा शंभरावा भागही जेमतेम पुरतात.

तारेचा हिशेब याहून गंभीर आहे. पाच मीटर लांब, आठ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ९० ॲम्पिअरला जवळजवळ एक व्होल्ट हरवतो आणि सुमारे नव्वद वॅट उष्णता गालिच्याखाली साचते. ३५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हा तोटा पाव व्होल्टाहून कमी राहतो. परतीची वाट गाडीच्या सांगाड्यातून असल्याने अर्थची जागा रंग खरवडून घट्ट आवळावी लागते.

आणि एवढे करून? पाचशेचे हजार वॅट केल्याने आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी साधारण दसपट शक्ती लागते. निवासी भागातील कायदेशीर मर्यादा मात्र दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच आहे.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून सुमारे ४५ सेंटीमीटरच्या आत असावा. त्याचे काम ॲम्प्लिफायर वाचवण्याचे नसून, तार घासून सांगाड्याला टेकल्यास गाडी पेटू न देण्याचे आहे.