‘फोर्टनाइट’ म्हणजे नेमके किती दिवस?

ब्रिटिश व्यक्तीच्या ईमेलमध्ये ‘फोर्टनाइट’ दिसलं, की आपण त्याचा अर्थ ‘पंधरवडा’ असा घेतो. ढोबळमानाने ते बरोबर आहे. पण मुदत मोजताना एका दिवसाचा घोळ होऊ शकतो.

जुन्या इंग्रजीत दिवसांऐवजी रात्री मोजायची पद्धत होती. ‘चौदा रात्री’ अशा अर्थाच्या शब्दांपासून पुढे ‘फोर्टनाइट’ तयार झाला. त्यामुळे तो बरोबर १४ दिवसांचा, म्हणजे दोन आठवड्यांचा असतो. सोमवारपासून मोजलेली मुदत सोमवारीच संपते. तुम्ही १५ दिवस धरलेत, तर मंगळवार उजाडतो आणि मुदत हुकते. अमेरिकेत हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तिथे ‘टू वीक्स’ म्हणतात.

‘बायवीकली’ त्याहून फसवा आहे. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ इंग्रजी शब्दकोशांत दिलेले आहेत.

वेळेचंही तसंच. ब्रिटनमध्ये ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे!

म्हणून मुलाखत, पगार किंवा अर्जाची मुदत असेल, तर अंदाज बांधू नका. तारीख आणि वेळ आकड्यांतच लिहून मागा.