फोरमन हरला, तेव्हा दोर सैल होते म्हणे

३० ऑक्टोबर १९७४. झाईरची राजधानी किन्शासा, पहाटेचे चार. बॉक्सिंगला ही काय वेळ झाली? पण अमेरिकेतल्या प्रेक्षकांना त्यांच्या संध्याकाळी सामना दाखवायचा होता, म्हणून आफ्रिकेनं रात्र जागून काढली. स्टेडियमात साठेक हजार माणसं आणि एकच आरोळी : "अली, बोमा ये!" लिंगाला भाषेत याचा अर्थ, अली, मार त्याला. 'हरव' नाही, 'ठार मार'.

ज्याला मारायचं तो जॉर्ज फोरमन. वय २५, जगज्जेता, ४० सामने, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. जो फ्रेझरला त्यानं दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं होतं. समोर ३२ वर्षांचा मुहम्मद अली. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये याचा किताब काढून घेतला, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. अली जिवानिशी वाचला तरी पुरे, असं त्याच्या बाजूचे लोकही मनातल्या मनात म्हणत होते.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. अली दोरांना टेकून उभा राहिला, फोरमनला मारू दिलं, दमू दिलं आणि आठव्या फेरीत त्याला आडवा केला.

मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

फोरमननं कारणं द्यायला सुरुवात केली. पहिलं कारण, रिंगचे दोर सैल होते. आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसंच काहीसं. फक्त इथे अंगण थोडं वाकडं होतंही. त्या दमट हवेत दोर खरोखर लोंबकळत होते. अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी शेवटपर्यंत सांगत राहिला की, आम्ही उलट ते ताणायला गेलो होतो. दुसरं कारण, रेफरीनं दहा आकडे घाईत मोजले. फिल्म बघितली तर फोरमन उठता उठताच सामना संपवलेला दिसतो, म्हणजे यावर वाद घालता येईल. पण उठून तो करणार काय होता? पाय उरले नव्हते. तिसरं कारण सगळ्यात गंभीर : आपल्याच माणसांनी सामन्याआधी दिलेल्या पाण्याला औषधाची चव होती. हे त्यानं १९९५ च्या आत्मचरित्रातही लिहिलं. पुरावा कधीच पुढे आला नाही.

लोक हसले. हरलेला माणूस बोलला की आपण हसतोच.

पण ही तिन्ही कारणं रिंगच्या आतली आहेत. दोर, आकडे, पाणी. त्या पहाटे फोरमनच्या बाबतीत सगळ्यात विचित्र जे घडत होतं ते रिंगच्या बाहेर होतं, आणि त्याची तक्रार त्याच्या यादीत नाही.

बघा ना, फोरमनही काळाच. टेक्सासमधल्या गरीब घरातला. आफ्रिकेच्या भूमीवर उतरला तर तिथली माणसं त्याला परका समजायला लागली. का? एक तर तो येताना जर्मन शेफर्ड कुत्रा घेऊन आला. त्याला बिचाऱ्याला काय कल्पना, की बेल्जियमच्या राजवटीत पोलीस काँगोतल्या लोकांवर असेच कुत्रे सोडायचे! स्वातंत्र्य मिळून चौदाच वर्षं झाली होती, आठवणी ताज्या होत्या. अलीनं हे बरोबर हेरलं. फोरमन म्हणजे बेल्जियन, असं तो सांगत सुटला. स्वतः रस्त्यावर लोकांबरोबर पळायचा, पोरांना उचलून घ्यायचा. सरावात डोळ्यावर जखम झाल्यामुळे फोरमनचा सामना पाच आठवडे पुढे गेला, आणि तो हॉटेलात कुढत बसला.

घरीही वेगळं नव्हतं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी मूठ उंचावून निषेध केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत १९ वर्षांच्या फोरमननं सुवर्ण जिंकून रिंगमध्ये छोटासा अमेरिकन झेंडा फिरवला. पोरगं खूश होतं, एवढंच. पण अनेक काळ्या अमेरिकनांनी त्याच्यावर 'गोऱ्यांचा माणूस' असा शिक्का मारला. म्हणजे किन्शासाला पोचायच्या आधीच त्याची भूमिका लिहून तयार होती.

आणि या नाटकाचा निर्माता कोण? मोबुटू. १९६५ पासून लष्कराच्या जोरावर सत्तेत बसलेला. दोन्ही बॉक्सरना मिळून एक कोटी डॉलरची हमी झाईर सरकारची, म्हणजे त्या उपाशी देशाची. स्टेडियमच्या बाहेर मोबुटूचे भव्य फोटो. साहेब स्वतः मात्र आले नाहीत, राजवाड्यात टीव्हीवर बघत बसले. एवढ्या मोठ्या गर्दीत जायची भीती वाटत असावी, दुसरं काय. ज्या गर्दीला त्याच्याविरुद्ध एक शब्द काढायची सोय नव्हती, तिला त्या रात्री घसा फाटेपर्यंत 'मार' म्हणायची मोकळीक होती. फक्त नाव दुसऱ्याचं होतं. हा माझा अर्थ आहे, तुम्हाला पटेलच असं नाही. पण हुकूमशहाच्या खर्चानं मिळालेला तो आनंद खोटा होता, असंही मी म्हणणार नाही. अली जिंकला तेव्हा त्या माणसांचंही काहीतरी जिंकलं होतं. नंतर तासाभरात धो धो पाऊस आला, स्टेडियमात पाणी भरलं, तरी लोक नाचत होते.

फोरमन कित्येक वर्षं आतून जळत राहिला. १९७७ मध्ये बॉक्सिंग सोडून धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परतला, आणि १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकल मूररला पाडून पुन्हा जगज्जेता बनला. अंगावर किन्शासातलीच चड्डी होती! पाण्याची गोष्ट पुस्तकात ठेवली, आणि मुलाखतींत मात्र सांगत राहिला की अलीनं मला चोख हरवलं. सातव्या फेरीत मी जीव खाऊन ठोसा मारला, तर अली कानाशी विचारतो, एवढंच का जॉर्ज? आणि मला कळलं, हो, एवढंच. ही गोष्ट तो हसत हसत सांगायचा.

मार्च १९९७ मध्ये या सामन्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. पार्किन्सननं थरथरणाऱ्या अलीला मंचाच्या पायऱ्या चढायला हात दिला तो फोरमननं. दोनच महिन्यांत मोबुटूला देश सोडून पळावं लागलं. त्याच्या काळातलं '२० मे स्टेडियम' हे नाव बदललं. आता ते 'ताता राफाएल' यांच्या नावानं ओळखलं जातं. हे राफाएल म्हणजे किन्शासात शाळा आणि मैदानं उभारणारे एक मिशनरी पाद्री. मूळचे बेल्जियमचे.