‘क्लासिक’ कोण ठरवतं? टीव्हीवरचे ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूडपट आणि आपला संशोधनप्रश्न

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती त्यांना हे आठवत असेल. आपण कार्टून नेटवर्क बघत बसलेलो असायचो आणि ठरलेल्या वेळी कार्टून संपून त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं. टॉम अँड जेरीच्या जागी एकदम हॅट घातलेली ब्लॅक अँड व्हाइट माणसं भराभरा इंग्रजी बोलायला लागायची. आम्ही भावंडं वैतागून उठायचो, बाबा मात्र सरसावून बसायचे. हळूहळू मीही त्यांच्या शेजारी थांबायला लागलो. निम्मे संवाद डोक्यावरून जायचे; पण अर्ध्या चेहऱ्यावर पडलेली सावली, जिन्यावरून येणारी पावलं, पावसात चमकणारा रस्ता यांची मजा घ्यायला इंग्रजी लागत नव्हतं.

पुढे पीएचडीची सिनॉप्सिस लिहिताना पहिलं वाक्य याच आवडीतून आलं. ‘हॉलिवूडच्या अभिजात चित्रपटांना त्यांच्या दर्जामुळे दूरचित्रवाणीवर स्थान मिळाले.’ गाईडांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “हे तुला कशावरून कळलं?” मला उत्तर देता आलं नाही. नंतरचे काही महिने त्या एका प्रश्नात गेले. काय हाती लागलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण आवडीचा विषय घेऊन याच वळणावर उभे असाल.

आधी गोदामाची गोष्ट

सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंनी टीव्हीकडे पाठ फिरवली होती. घरबसल्या फुकट सिनेमा दिसला तर थिएटरात कोण येणार? ही कोंडी फुटली ती पैशांमुळे. १९५५ मध्ये हॉवर्ड ह्यूजने आरकेओ स्टुडिओ विकला आणि त्याच वर्षाअखेरीस त्यांचे सुमारे ७४० जुने चित्रपट टीव्हीसाठी विकले गेले. १९५६ मध्ये वॉर्नरने आपला जुना साठा विकला. १९५८ मध्ये पॅरामाउंटचा साठा सुमारे ५ कोटी डॉलरला एमसीए कंपनीकडे गेला.

यात एक तपशील लक्षात ठेवा. विकले गेलेले चित्रपट मुख्यतः १९४८ च्या आधीचे होते. त्यानंतरचे चित्रपट टीव्हीवर दाखवायचे तर कलाकार आणि तंत्रज्ञांच्या संघटनांना जादा मोबदला द्यावा लागेल, हा वाद मिटलेला नव्हता. म्हणजे टीव्हीवर ‘जुना सिनेमा’ म्हणून जो दिसला त्याची सीमारेषा समीक्षकांनी आखली नव्हती. ती मोबदल्याच्या वादाने आखली होती. त्या काळातले बहुतेक चित्रपट ब्लॅक अँड व्हाइट होते, म्हणून आपल्या डोक्यात ‘जुनं हॉलिवूड’ म्हटलं की तेच रंग येतात.

आता आपल्या टीएनटीकडे या. १९८६ मध्ये टेड टर्नरने एमजीएम विकत घेतली. कर्जाच्या ओझ्याखाली त्याने कंपनीचा बराचसा भाग लगेच विकून टाकला, पण चित्रपटांचा साठा ठेवला. त्यात एमजीएमचे चित्रपट होते, वॉर्नरचे १९५० पूर्वीचे होते आणि एमजीएमचीच टॉम अँड जेरीही होती. आम्हाला उठवणारे सिनेमे आणि आम्हाला बसवणारी कार्टून्स एकाच गोदामातून येत होती! लहानपणी जी नुसती वैतागाची गोष्ट होती, तिच्यामागे एक खरेदीखत निघालं.

एका चित्रपटाची केस

आता फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ घ्या. प्रदर्शन डिसेंबर १९४६, नायक जेम्स स्टुअर्ट. ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, पण त्या पाचांपैकी एकही पुरस्कार नाही. तिकीटबारीवर आरकेओला तोटा झाला. आज मात्र अमेरिकेत नाताळ म्हणजे हा चित्रपट, असं समीकरण आहे. मधे काय घडलं?

त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि मुदत संपताना नूतनीकरणाचा अर्ज करावा लागे. १९७४ मध्ये या चित्रपटाचा अर्ज राहून गेला. चित्रपट जणू बेवारस झाला. स्थानिक टीव्ही केंद्रांना डिसेंबरात तास भरायचे असत आणि हा तर फुकटात मिळत होता. मग वर्षानुवर्षं, एकाच आठवड्यात वेगवेगळ्या चॅनेलांवर, तो लागत राहिला. १९८६ मध्ये कोणीतरी तो रंगवूनही काढला; स्टुअर्टने या रंगवण्याला जाहीर विरोध केला. १९९० मध्ये त्याचं नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेलं.

पुढे १९९३ मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने वेगळा रस्ता काढला. चित्रपट मोकळा असला तरी मूळ कथेचे आणि संगीताचे हक्क आपल्याकडे आहेत, असा दावा केला. त्याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या निकालाचा. तो खटला ‘रिअर विंडो’ या चित्रपटाच्या मूळ कथेवरून झाला होता आणि त्यातला एक पक्षकार होता खुद्द जेम्स स्टुअर्ट. तो खटला हरला आणि त्याच निकालाच्या जोरावर त्याच्याच दुसऱ्या चित्रपटाला पुन्हा मालक मिळाला. १९९४ पासून प्रक्षेपणाचे हक्क एनबीसीकडे गेले आणि रोज कुठेतरी लागणारा चित्रपट वर्षातून मोजक्या वेळा लागू लागला.

इथे थांबू नका

हे सगळं सापडल्यावर मी हवेत होतो. नवं वाक्य लिहिलं : ‘विसरलेल्या अर्जामुळे एक क्लासिक जन्माला आला.’ गाईडांनी पुन्हा पेन्सिल उचलली. “अर्ज विसरलेले बाकीचे चित्रपट कुठे गेले?”

हा प्रश्न तुमच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक उदाहरण तर माझ्या नाकासमोर होतं. ‘मीट जॉन डो’, साल १९४१. दिग्दर्शक तोच काप्रा. शेवट नाताळच्या आदल्या रात्रीचा. तिथेही एक निराश माणूस जीव द्यायला उंचावर उभा. याचाही कॉपीराइट नूतनीकरणाअभावी गेला, हाही फुकटात मिळत होता. तरी तो कोणाचा नाताळ झाला नाही. शिवाय पहिला चित्रपट १९९४ नंतर कमी वेळा दाखवला जाऊनही लोकांच्या मनातून उतरला नाही. नुसत्या वारंवारतेने सगळं उलगडत असतं तर असं झालं नसतं.

दार उघडं राहिलं म्हणून पाहुणा आत आला हे खरं, पण तो मुक्कामाला का राहिला हे वेगळं शोधावं लागतं. इथे मग कथेकडे, शेवटाकडे, उपलब्ध प्रिंटच्या दर्जाकडे, घरी कुटुंबाने एकत्र बसून बघण्याच्या सवयीकडे वळावं लागतं. ‘दर्जा’ परत येतो, पण आता गृहीतक म्हणून नाही, तपासायची गोष्ट म्हणून.

साधनाची चौकशी करा

अजून एक. टीव्हीवर बघितलेला चित्रपट म्हणजे मूळ चित्रपट, असं धरून चालू नका. टीव्हीसाठी १६ मिलिमीटरच्या प्रिंट निघत. जाहिरातींसाठी प्रसंग कापले जात. आरकेओच्या कित्येक प्रिंटवरून तर स्टुडिओचं बोधचिन्ह काढून नव्या मालकाचं लावलं गेलं. उलटंही घडलं. ३ नोव्हेंबर १९५६ ला सीबीएसने ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ रंगीत दाखवला. पण बहुतेक घरांतले संच ब्लॅक अँड व्हाइट होते. करड्या कॅन्ससमधून रंगीत ऑझमध्ये जाण्याचा क्षण त्या रात्री बहुसंख्य प्रेक्षकांना दिसलाच नाही. त्या प्रेक्षकाबद्दल लिहायचं तर त्याने काय पाहिलं ते लिहायला हवं, आपण लॅपटॉपवर जे पाहतो ते नाही.

तर, आरआरसीपुढे जाण्याआधी आपल्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात लाडका शब्द शोधा : ‘अभिजात’, ‘लोकप्रिय’, ‘परंपरा’, काहीही. त्याला तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट माझ्यापर्यंत कोणाच्या हातून आली? तशीच असूनही न पोचलेली दुसरी कोणती? आणि मी जी बघतोय ती प्रत नेमकी कुठली?

माझं पहिलं वाक्य आता असं आहे : ‘१९५५ नंतर जुन्या हॉलिवूडपटांना दूरचित्रवाणीवर स्थान कोणत्या व्यवहारांतून मिळाले आणि त्यातील मोजकेच का टिकले, याचा हा शोध आहे.’ वाक्य लांबलंय, कबूल. पण यावेळी पेन्सिल चालली नाही.

आणि सिनेमाची मजा गेली का, असं विचाराल तर नाही. परवाच बाबांबरोबर एक जुना चित्रपट बघितला. फरक एवढाच, की पाट्या सुरू झाल्या तेव्हा मी बोधचिन्ह कोणाचं आहे ते बघायला पुढे सरकलो, आणि बाबा म्हणाले, “बाजूला हो, दिसत नाहीये.”