रॉक्सीतले 187 आठवडे

1943 साली आलेला 'किस्मत' कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. 187 आठवडे हा आकडा सर्वांत जास्त वेळा सांगितला जातो. बॉम्बे टॉकीजची निर्मिती, ज्ञान मुखर्जींचं दिग्दर्शन, पाकीटमार शेखरच्या भूमिकेत अशोक कुमार आणि पायाने अधू झालेल्या राणीच्या भूमिकेत मुमताज शांती. हिंदी सिनेमाच्या इतिहासात या विक्रमाचं स्पष्टीकरण ठरल्यासारखं येतं: पडद्यावर पहिल्यांदाच एक गुन्हेगार नायक झाला, लोकांना तो आवडला, म्हणून लोक तीन वर्षं येत राहिले. या वाक्यातला 'म्हणून' मला फार घाईचा वाटतो. थिएटरातले आठवडे मोजून लोकांचं प्रेम मोजता येतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. 187 हा आकडा सगळ्यात आधी थिएटरच्या हिशेबाचा, परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मचा आणि युद्धाने शहरात ओतलेल्या पैशाचा आहे. या गोष्टी वजा केल्यावर जे उरतं ते त्या पाकीटमाराचं. ते उरतं याविषयी मला शंका नाही, पण ते किती आणि कशामुळे, हे आधी वजाबाकी केल्याशिवाय कळणार नाही.

आठवडे हे धंद्याचं मोजमाप कसं झालं, तिथून सुरुवात करायला हवी. बंगालात 1922 पासून आणि मुंबई इलाख्यात 1923 पासून तिकिटावर करमणूक कर होता. त्यामुळे गल्ल्यावर जमलेल्या रकमेतून आधी सरकारचा वाटा जाई, मग थिएटरमालकाचा, आणि उरलेला वितरकाकडून निर्मात्याकडे. ग्रॉस (सगळी वसुली), नेट (कर वजा जाता) आणि शेअर (थिएटरचा वाटाही वजा जाता) हे तीन शब्द धंद्यातला प्रत्येक माणूस वेगळे ठेवतो, कारण एकाच सिनेमाचे हे तीन आकडे एकमेकांपासून फार लांब असतात. पण ते वहीतले आकडे, आणि वही कुणी बाहेर दाखवत नसे. बाहेर दिसायचा तो पोस्टरवरचा आठवडा. पंचविसाव्या आठवड्याला रौप्यमहोत्सव, पन्नासाव्याला सुवर्णमहोत्सव. प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 57 आठवडे चालला, ही गोष्ट मराठी माणूस आजही अभिमानाने सांगतो. त्या सिनेमाने किती रुपये मिळवले हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्यात आठवडा वाढण्यासाठी थिएटर भरलेलं असावं लागतं असंही नाही. करारात एक किमान रक्कम ठरलेली असे, धंद्यात तिला होल्डओव्हर म्हणतात. आठवड्याची वसुली त्या रकमेच्या वर राहिली की सिनेमा पुढच्या आठवड्यात जाई. म्हणजे गर्दीने ओसंडणारा पहिला आठवडा आणि जेमतेम रेघ ओलांडणारा दीडशेवा आठवडा, दोन्हींची पोस्टरवरची किंमत सारखीच.

आता साधं गणित करून पाहू. केवळ हिशेबासाठी थिएटरात हजार खुर्च्या धरू आणि रोजचे तीन खेळ. आठवड्याला 21,000 जागा होतात. 187 आठवड्यांच्या 39 लाखांहून अधिक. 1941 च्या जनगणनेत कलकत्त्याची लोकसंख्या सुमारे 21 लाख होती. त्यात तान्ही मुलं आली, म्हातारे आले, सिनेमाला कधीच न जाणारे आले, आणि ज्यांच्या घरच्या बायकांना थिएटरची पायरी चढायची मुभा नव्हती त्याही आल्या. खुर्च्यांचा अंदाज निम्म्यावर आणला तरी एका शहराने एका थिएटरात इतक्या जागा एकेकदा बसून भरल्या असं मानणं अवघड आहे. मग दोनच शक्यता राहतात. एक तर तीच माणसं पुन्हा पुन्हा येत होती, किंवा बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहूनही सिनेमा उतरवला जात नव्हता. बहुधा दोन्ही खरं असावं. दुसऱ्या शक्यतेचं उत्तर मात्र सिनेमाच्या गोष्टीत सापडणार नाही, ते बाहेर शोधावं लागतं.

थिएटरमालक सिनेमा उतरवतो तेव्हा त्याच्या जागी लावायला दुसरा हाताशी असावा लागतो. युद्धाच्या काळात तोच नव्हता. सिनेमाची कच्ची फिल्म हिंदुस्थानात बनतच नव्हती. ती सगळी जहाजातून यायची, जर्मनीचा माल बंद झालेला, आणि उरलेल्या मालावर सरकारचं नियंत्रण आलं. सिनेमाची लांबी 11,000 फुटांवर मर्यादित झाली, पुढे फिल्म परवान्यावर मिळू लागली. परिणाम निर्मितीच्या आकड्यांत स्वच्छ दिसतो. 1943 मध्ये देशात सुमारे 159 सिनेमे बनले. 1945 मध्ये ती संख्या 99 वर आली. युद्ध संपलं आणि 1946 मध्ये ती जवळजवळ दुप्पट झाली. 'किस्मत' रॉक्सीत ठाण मांडून बसला तो काळ या खड्ड्याचा काळ आहे. नवा सिनेमा मिळेल की नाही, मिळाला तर चालेल की नाही, ही धास्ती असलेल्या मालकाच्या हातात रोज पैसे देणारा सिनेमा होता. त्याने तो का उतरवावा? यात त्या सिनेमाला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण अशा टंचाईत पडद्यावर आधीच असलेल्याला जो फायदा मिळतो तो मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती लिहिताना हात जड होतो. 1943 हे बंगालच्या दुष्काळाचं वर्ष. सुमारे तीस लाख माणसं त्या दुष्काळात आणि पाठोपाठच्या रोगराईत गेली असा अंदाज दिला जातो. गावाकडची माणसं अन्नासाठी चालत कलकत्त्याला आली आणि शहराच्या फुटपाथांवर मेली. त्याच शहरात युद्धाचे कारखाने रात्रंदिवस चालू होते, ठेकेदारांच्या हातात पैसा खेळत होता, पगार सुरू होते, आणि युद्धासाठी आवश्यक ठरलेल्या नोकरदारांना धान्य आधी मिळेल अशी व्यवस्था होती. ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांचा तळ तिथे होता, जपानी विमानांचे बॉम्ब पडत होते, दिवे झाकलेले होते. हातात पैसा आहे, पण कापड नाही, साखर नाही, घरासाठी सामान नाही. अशा वेळी विकत घेण्यासारखी जी थोडी गोष्ट सहज मिळते तिच्याकडे पैसा वाहतो. सिनेमाचं तिकीट ही तशी गोष्ट होती. चौरंगीजवळच्या त्या थिएटरात आत बसलेला आणि बाहेर रस्त्यावर पडलेला, दोघेही एकाच महायुद्धाने त्या शहरात आणून सोडले होते. त्या तीन वर्षांच्या गल्ल्याविषयी बोलताना हे न बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

यावर सरळ आक्षेप येईल: टंचाई आणि पैसा तर सगळ्याच सिनेमांच्या वाट्याला आला, मग बाकीचे का नाही चालले? चालले, आणि खूप चालले. व्ही. शांतारामांनी प्रभात सोडून राजकमल काढलं, तिथला पहिला सिनेमा 'शकुंतला' याच 1943 सालचा. तो मुंबईच्या स्वस्तिकमध्ये 104 आठवडे चालल्याची नोंद आहे. विजय भट्टांचा 'रामराज्य' याच वर्षी आला आणि तोही गाजला. एक कालिदासाची नायिका, एक रामकथा आणि एक पाकीटमार, तिघांनाही एकाच वर्षाने उचलून धरलं. यावरून मला दोन गोष्टी दिसतात. लांब मुक्काम हे त्या वर्षांचं सर्वसाधारण लक्षण होतं, तेव्हा केवळ मुक्कामाच्या लांबीवरून 'लोकांना गुन्हेगारी हवी होती' असा निष्कर्ष काढता येत नाही. पण आक्षेपातलं तथ्यही मान्य करायला हवं. युद्धाने सगळ्यांची उंची वाढवली, तरी 'किस्मत' त्या वाढलेल्या रांगेतही सर्वांत उंच राहिला. 104 आणि 187 यांतल्या फरकाला युद्ध पुरं पडत नाही.

त्या फरकाचं एक उत्तर गाण्यात शोधलं जातं. कवी प्रदीप यांचं परक्यांना दूर हटायला बजावणारं गाणं आणि अनिल विश्वासांची चाल, यांनी 1942 च्या चळवळीनंतरच्या थिएटरांत काय केलं असेल याची कल्पना करणं अवघड नाही. गाण्यात जर्मन आणि जपान्यांचं नाव घेतलेलं असल्याने सेन्सॉरला ते युद्धप्रचाराचं वाटलं, आणि प्रेक्षकांना कुणाला उद्देशून आहे ते बरोबर कळलं. पहिल्या काही महिन्यांच्या गर्दीचं श्रेय त्या गाण्याला मी आनंदाने देईन. पण इतक्या लांबच्या मुक्कामाला ते एकटं पुरणारं नाही. ग्रामोफोनवर जे गाणं घरी किंवा कोपऱ्यावरच्या हॉटेलात ऐकायला मिळतं, तेवढ्यासाठी माणूस पाचव्यांदा तिकीट काढत नाही. पाचव्यांदा तो येतो ते गोष्टीत पुन्हा शिरायला.

आणि गोष्ट पाहिली तर ती गुन्ह्याची जितकी आहे तितकीच घराची आहे. शेखर तिसऱ्यांदा तुरुंगातून सुटतो आणि सुटल्या सुटल्या दुसऱ्या एका चोराने एका म्हाताऱ्याचं मारलेलं सोन्याचं घड्याळ त्याच्या हाती येतं. तो म्हातारा कधीकाळचा श्रीमंत माणूस. आता त्याला ते घड्याळ विकून आपल्या मुलीचा, राणीचा, रंगमंचावरचा खेळ पाहायचा आहे. शेखर त्याला तिथे घेऊन जातो. पुढे राणीच्या घरावरचं कर्ज, तिचा पाय, तिच्या बहिणीचं लग्नाआधीचं दिवस राहणं, ही सगळी ओझी तो चोरीच्या पैशाने उचलू पाहतो, आणि शेवटी कळतं की ज्या धनिकाच्या घरात तो चोरी करतो त्याच घरातून लहानपणी पळालेला तो मुलगा आहे. यात चोरी करणारा हात आणि घर सावरणारा हात एकच आहे. ज्या शहरात रेशन, काळाबाजार आणि चिठ्ठीचपाटी यांच्याशिवाय सरळमार्गी माणसालाही घर चालवणं कठीण झालं होतं, तिथल्या प्रेक्षकाला हा हात ओळखीचा वाटला असणार. हा माझा तर्क आहे, पण 'शकुंतला' आणि 'रामराज्य' यांच्याकडे नसलेलं काहीतरी 'किस्मत'कडे होतं हे मान्य केलं, तर ते इथेच असावं.

बाबुराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाने मात्र या सिनेमावर गुन्हेगाराला मोठं केल्याचा ठपका ठेवला. बाबुरावांची लेखणी कुणाला सोडत नसे, आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही: देखणा, हसतमुख, सिगारेट ओढणारा चोर पाहून तरुण पोरं काय शिकतील? तरी सिनेमाचा शेवट त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. शेखर चोर म्हणून जिंकत नाही, मुलगा म्हणून परत घेतला जातो. बापाच्या कडक शिस्तीने तुटलेलं घर बापाच्याच हातून जोडलं जातं. एवढं बेतशीर, समाजाला न दुखावणारं बंड होतं म्हणूनच अख्खं कुटुंब एका ओळीत बसून ते पाहू शकलं, आणि कुटुंब आल्याशिवाय तीन वर्षं गल्ला चालत नाही.

'किस्मत'ने एक कोटी रुपये मिळवले, तसं करणारा तो पहिला हिंदी सिनेमा, असंही म्हटलं जातं. तेव्हा सगळ्या देशाचा गल्ला एका ठिकाणी मांडणारी यंत्रणा नव्हती, म्हणून हा आकडा जपून वापरावा. मघाच्या काल्पनिक हजार खुर्च्या 187 आठवडे एकही रिकामी न राहता आठ आण्यांना विकल्या तरी वीस लाखही होत नाहीत. कोटी खरा असेल तर त्याच्या पाच भागांपैकी चार तरी रॉक्सीच्या बाहेर, लहान-मोठ्या गावांतल्या थिएटरांत जमले, जिथल्या आठवड्यांची मोजदाद कुणी लक्षात ठेवली नाही.

हा पैसा ज्या घरात आला ते घर तोवर दुभंगलं होतं. बॉम्बे टॉकीजचे संस्थापक हिमांशु राय 1940 साली गेले, कंपनीत त्यांच्या पत्नी देविका राणींचा एक आणि शशधर मुखर्जी-अशोक कुमार यांचा एक असे दोन गट झाले, आणि 'किस्मत' ज्या वर्षी लागला त्याच वर्षी दुसरा गट मालाडचा स्टुडिओ सोडून गोरेगावात फिल्मिस्तान हा नवा स्टुडिओ काढायला निघून गेला. दहा-अकरा वर्षांत बॉम्बे टॉकीज बंद पडली. ज्ञान मुखर्जींनी 1950 च्या 'संग्राम'मध्ये अशोक कुमारला पुन्हा गुन्हेगार केलं, या वेळी पोलीस अधिकाऱ्याचा वाया गेलेला मुलगा म्हणून, आणि त्याच्यासाठी घराचं दार उघडं ठेवलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या गुरुदत्तने पुढच्याच वर्षी 'बाजी' काढला, जुगाऱ्याला नायक करून. 'प्यासा' त्याने ज्ञान मुखर्जींच्याच स्मृतीला अर्पण केला. रॉक्सीतला विक्रम मोडला तो 1975 साली मुंबईच्या मिनर्व्हात लागलेल्या 'शोले'ने, पाच वर्षं चालून, त्यांतली शेवटची दोन मॅटिनीला. त्याचे नायक जय आणि वीरू हेही तुरुंगाच्या वाऱ्या केलेले भुरटे चोरच होते.